किसनचं नाक

माझा मेहुणा किसन चहा प्यायच्या आधी चहाचा वास घेतो. इथवर ठीक. पण तो बशीचा घेतो, खुर्चीचा घेतो, आणि एकदा अवसरी गावच्या एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या फेट्याचा घेतला. डोळे मिटायचे, नाक पुढं काढायचं आणि हात वर करून म्हणायचं, "थांबा, येतोय!" नवरदेवाला वाटलं, याला शिंकच येतेय. तो घाईनं मागं सरकला आणि करवलीच्या पायावर पडला.

किसन पुण्याला एका लॅबमध्ये कामाला आहे. तिथं माणसाचं नाक बनवतात. मी चौथी शिकलेलो, मला वाटलं प्लास्टिकचं असेल.

"तसं न्हाई दाजी," तो म्हणला. "आपल्या नाकात वास धरणारी बारकी कुलपं असत्यात, शेकड्यांनी. त्यातल्या एका कुलपाची कृती घ्यायची आन् दुसऱ्या पेशींत घालायची. मंग त्या पेशी ते कुलूप बनवत्यात. विरजण लावल्यावानी."

त्या कुलपाला ते प्रोटीन म्हणतात. मला प्रोटीन म्हणजे अंडं माहीत. हे म्हणे धुऊन, गाळून, बोटाएवढ्या नळीत भरून बर्फापेक्षा गार ठेवायचं. नळीवर लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी.

नाक बनवणाऱ्यावर मी कशाला जळू? पण जळतो. लई जळतो.

माझी बायको सखू गेल्या पौषात गेली. किसन तिचा धाकटा भाऊ. आई लहानपणीच गेली म्हणून तिनंच त्याला कडेवर वाढवला. तेराव्याला गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकायचं असतं. मी सगळं दिलं, एक गोधडी मात्र पत्र्याच्या पेटीत लपवली. आणि ते किसनला सांगितलं. तिथंच चुकलो.

तेव्हापासून दर रविवारी हा येडगावला हजर. ओट्यावर बसतो, डोळे मिटतो, हात पसरतो. मी गोधडी दिली की नाक खुपसून सांगत सुटतो, "ओवा हाय दाजी. चुलीचा धूर हाय. शेंगा भाजल्याचा हाय." मला नुसता तिचा वास येतो, एकच. याला सात येतात! चाळीस वर्षं तिच्याशेजारी झोपलो मी, आणि ती कळाली याला?

"हळू वढ," मी म्हणायचो. "संपवशील."

"वास काय बिडी हाय का दाजी?"

संपत तर होताच. दर रविवारी मला जरा कमी यायचा. याला मात्र तेवढाच. एकदा तर मी लाज सोडून म्हणलं, "त्या नळीतला एक थेंब सोड माझ्या नाकात."

"नाकात चालत न्हाई ते. चाललं असतं तर..." म्हणला आणि गोधडीची घडी घालायला लागला.

मागच्या रविवारी माझं डोकं फिरलं. त्यानं डोळे मिटून हात पसरले, तशी मी गोठ्यात गेलो आणि थंडीत कालवडीच्या पाठीवर टाकतो ती फाटकी गोधडी आणली. श्वास रोखूनच आणली. दिली हातात.

किसननं तोंड खुपसलं. "थांबा, येतोय... ओवा." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे गाढवा, कालवडीची हाय ती!"

त्यानं डोळे उघडले. वाळक्या शेणाच्या डागावर बोट फिरवत बसला.

"त्या करोनाच्या तापात गेला वास, दाजी. चार वर्सं झाली. डॉक्टर म्हणले, रोज घेत ऱ्हावा, आला तर येईल."

"आन् लॅबमधी?"

"तिथं मशीनला कळतं. माझ्या नाकाचं काम न्हाई."

"मंग ओवा कुठला?"

"माझं पोट दुखलं की आक्का ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायची. जे आठवतं तेच सांगत व्हतो. तुमच्याम्होरं 'येत न्हाई' म्हणायला जीभ वळंना."

मी जिंकलो होतो. पण जिंकल्यावर काय करायचं ते सुचेना. उठलो, पेटी उघडली, सखूची गोधडी आणून त्याच्या मांडीवर टाकली.

"तुमी घ्या," तो म्हणला. "आन् मला सांगा."

आता मी काय सांगणार? मला कुठं असले शब्द येतात? नाक लावलं. पार तळाशी गेल्यागत वास राहिलाय.

"लवंग," मी म्हणलं.

"लवंग? आक्का कधी खायची लवंग?"

"दाढ दुखायची तिची. शेवटची दोन वर्सं. कुणाला सांगू नका म्हणली व्हती. लवंग दाबून झोपायची."

एवढं एक माझ्या एकट्याचं होतं. तेही देऊन बसलो.

"कुठल्या बाजूची दाढ?" किसननं विचारलं.

"डावी."

त्यानं आपल्या डाव्या गालाला हात लावला आणि शेवटची एसटी येईपर्यंत तसाच बसून राहिला.