नळ कदम सरांचा, टाकी काझी सरांची

आमच्या कदम सरांना "हा कॉम्प्युटर बदलू या" म्हटलं, की ते आईवरून शिवी दिल्यासारखे अंगावर येतात. "हात लावायचा नाय," एवढंच बोलतात. पॉलिटेक्निकमधून रिटायर झाले तरी रोज चहाच्या वेळेला लॅबमध्ये हजर. लॅब माझ्या ताब्यात, पण सत्ता ह्यांची.

कोपऱ्यातला तो डबा जुना, त्यातला ब्राउझर त्याहून जुना. का, तर त्यावर ह्यांचे जावा अ‍ॅप्लेट, म्हणजे ब्राउझरच्या पानातच चालणारे छोटे प्रोग्रॅम, चालतात. अहो, नव्या ब्राउझरांनी अ‍ॅप्लेट कधीच हाकलून दिले! पण ह्यांना सांगणार कोण?

पोरांना शिकवायला एका पानावर दोन अ‍ॅप्लेट केलेले. डावीकडं कदम सरांचा नळ, उजवीकडं त्यांच्या जोडीला शिकवणाऱ्या काझी सरांची टाकी. नळ सोडला की टाकी भरते, भरली की नळाला नावानं हाक मारून बंद करते. इथं संभाजीनगरात आम्ही नळाची आठवडाभर वाट बघतो आणि ह्यांच्या नळाला रोज पाणी. डोकं फिरणार नाही तर काय?

दोघं एका टेबलावर जन्मभर बसले आणि भांडले कशावरून, तर आधी हाक कुणी मारायची. "टाकी भरली हे टाकीला कळतं, तिनं सांगावं," हे म्हणाले. "नळ तुमचा, तुम्ही विचारा मियाँ," ते म्हणाले. शेवटी हाक काझींनीच टाकीत घातली, पण बोलणं बंद झालं ते झालंच. प्रोग्रॅम बोलायचे, हे शिकलेले गडी नाय. काझी सर रिटायर होऊन जालन्याला गेले, तरी एक फोन नाही. मागच्या उन्हाळ्यात ते तिथंच वारले.

परवा प्राचार्यांचा हुकूम आला, जुने कॉम्प्युटर भंगारात. मी तावातावानं वायरी उपसायला गेलो, तर सर समोर बसलेले.

"एकदा चालवू द्या. मग न्या."

त्यांनी नळ सोडला. टाकी भरली, नळ बंद झाला आणि टाकीवर अक्षरं उमटली: 'कदम, बस करो. चाय को चलो.'

"भांडणानंतर घातलं हे त्यानं," सर म्हणाले. "रोज दिसायचं. गेलो नाय मी."

मग त्यांनी टाकी रिकामी केली आणि नळ पुन्हा सोडला.

मला असा संताप आला म्हणता, दोघांचाही. तो डबा उचलला आणि माझ्या टेबलावर मांडला. प्राचार्यांनी विचारलं तर सांगणार आहे, हात लावायचा नाय.