आवाज काढून दाखवा

अहेरीत सत्तारभाऊच्या गॅरेजात बिघडलेली वस्तू नेली, की तो वस्तूकडे पाहत नाही. स्टुलावर बसतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "आवाज काढून दाखवा." मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, की ट्रक. एकदा एक साहेब जीपचा आवाज लाजत लाजत अर्धाच काढून थांबले. सत्तारभाऊ डोळे न उघडता म्हणाला, "लाजून कोणतं इंजन बिघडते साहेब? मोकळ्यानं बिघडा."

मी इथल्या वनोपज सहकारी संस्थेत भांडारपाल आहे. संस्थेचा एकच डिझेल ट्रक. तो तांदूळ, मीठ, तेल घेऊन भामरागडकडच्या गावांत जातो आणि मोह, हिरडा घेऊन परततो. पावसाळ्यात तिकडचे रस्ते तुटतात. त्याआधीच्या खेपा चुकल्या, तर चार महिने गावं मिठावाचून बसतात. म्हणून मी यादीशिवाय पाऊल टाकत नाही. माझ्या यादीत सत्तारभाऊचं नाव ट्रकच्या सुट्या भागांत आहे, स्टेपनीच्या खाली.

त्याला कारण आहे. गाडी जंगलात अडली, की आमचा ड्रायव्हर डुंगा रेंजसाठी टेकडी चढतो आणि सत्तारभाऊला फोन लावतो. इंजिन खाली राहिलेलं, म्हणून त्याचा आवाज डुंगाच तोंडाने काढतो. सत्तारभाऊ ऐकून निदान सांगतो. "कोरडा खोकला हाय, डिझेल फिल्टर साफ कर." डुंगा उतरून तसं करतो, गाडी चालू होते. इतकी वर्षं हे असंच चाललं.

यंदा उन्हाळ्यात मात्र निदान चुकलं. सत्तारभाऊने फिल्टर साफ करायला सांगितलं, डुंगाने दोनदा केलं, गाडी चढ चढेना. शेवटी दुसऱ्या एका ट्रकवाल्याने टर्बोचा फाटलेला रबरी पाइप दाखवला. दोन दिवस गेले. संस्थेने मला सांगितलं, कंपनीची दुरुस्तीची मॅन्युअलं मागवायची की नाही, ते तुम्हीच ठरवा. तीन जाडजूड भाग होते.

मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. 'घ्यावीत' खाली सात मुद्दे निघाले. 'घेऊ नयेत' खाली दोन: एक, डुंगाला आकृत्या वाचायचा कंटाळा. दोन, सत्तारभाऊ रुसेल.

तो रुसलाच. "पुस्तकातली गाडी डांबरावर चालते, बाई. आपली नाल्यातून जाते. तिचं दुखणं कंपनीले काय मालूम?" मी म्हटलं, निदान पडताळायला तरी बरं. तो म्हणाला, "मंग डुंगाले सांगजा, टेकडीवर चढून पुस्तकाले फोन लाव." त्यानंतर आठवडाभर तो ऑफिसात चहाला आला नाही. मी कागद घडी करून ठेवला. सात विरुद्ध दोन, तरी निर्णय होईना.

आठव्या दिवशी तो आला. चहा घेतला नाही, दार लोटलं.

"मागवा पुस्तक."

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता.

"त्या दिवशी डुंगानं शिट्टीसारखा आवाज काढला असन. पाइप फाटला की तसा येतेच. मले फक्त घर्र ऐकू आलं. जाडे आवाज येतात बाई, बारीक येऊन नाई राह्यले."

तेव्हा मला आठवलं. या वर्षी तो डोळे मिटत नव्हता. समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि मला वाटायचं, मजा बघतो आहे.

"कोणाले सांगू नका," तो म्हणाला. "आन् फोन मलेच येऊ द्या. बायको गेल्यापासून माह्या फोनवर डुंगाच तेवढा बोलते. तोबी ट्रकचंच."

मी कागद काढला आणि दुसरा मुद्दा खोडला.

पुस्तकं आली. 'जुनी चलनं' अशी चिठ्ठी लावून मी ती माझ्या कपाटात ठेवली. रस्ता बंद व्हायच्या आधीची शेवटची खेप निघाली, त्या दिवशी सत्तारभाऊ सकाळपासूनच ऑफिसात चहाला येऊन बसला. दुपारी त्याचा फोन वाजला. त्याने तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. टेकडीवरून डुंगाने आवाज काढला. सत्तारभाऊने माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. दारात सह्यांसाठी तीन माणसं थांबली होती. मी तोंड वेडंवाकडं करून, ओठ ताणून म्हटलं, "चींईई... चीं... घर्र... चींईई."

तो डोळे उघडे ठेवून माझ्या ओठांकडे बघत होता. "चढावर का सपाटीवर?" डुंगा म्हणाला, चढावर. मी पुन्हा केलं, या वेळी चढावर. एका माणसाच्या हातातली फाइल खाली पडली.

"फॅनचा पट्टा ढिला झाला. आवळ आन् नीघ," सत्तारभाऊ म्हणाला. मी कपाटाच्या दाराआड पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पान काढलं आणि बरोबर आहे म्हणून मान डोलावली.

फोनमधून डुंगाने विचारलं, "भाऊ, माह्यासारखा आवाज कोण काढून राह्यलं तिथी?"

सत्तारभाऊने फोन तोंडाशी ओढला.

"पुस्तक हाय," तो म्हणाला. "बाईनं नवीन आणलं."