तिखट घोडीच्या चार खुरांची हकीकत

आपण पुसिले की, तबेल्याचे दारावर जो फलक लागला आहे त्यातील मजकूर खरा की लटका, आणि तिखट घोडी कोणी व कैसी वश केली, ते साद्यंत लिहोन कळवावे. त्यावरून जे डोळां देखिले आणि खात्रीच्या माणसांनी सांगितले तितुकेच लिहिले. पदरचे काही घातले नाही, घालावयाची गरजही पडली नाही.

तबेल्याचे धनी दादासाहेब, शिस्तीचे सागर, निर्णयाचे मेरू, यांचे पागेत सात जनावरे. पैकी तांबडी घोडी, नाव तिखट, तीस माणूस खपत नसे. कारण ऐसे जे, दादासाहेबांचे मेहुणे, चाबूकबहाद्दर, यांनी चार महिन्यांमागे तिचा मागील उजवा पाय दोरखंडाने खांबास जखडोन तीस एका दिवसात शिकविले, आणि तीही एका दिवसात शिकली. काय शिकली, हे पुसावयाचे मेहुण्यांस सुचले नाही. तेव्हापासोन खूर कापणे राहिले, खूर वाढले, घोडी लंगडो लागली, आणि नालबंद दोन वेळ आले ते दोन्ही वेळ कुंपणावरोन उडी टाकोन परतले. मग दादासाहेबांचे फर्मान सुटले की, एकविसावे दिवशी घोडीने चारी खूर नालबंदाचे हाती द्यावे, तीन दिल्यास दिले ऐसे मानो नये, आणि न दिल्यास तेच सकाळी ट्रकात घालोन खाटकाकडे रवानगी करावी.

दादासाहेबांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब, छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवोन निवृत्त जाहलेल्या, गुडघ्यांनी बेजार, त्यांनी हे फर्मान चहा गाळता गाळता ऐकिले आणि गाळणे खाली ठेविले.

"ट्रकवाल्याला येऊ दे. तोवर मी बसते तिच्यापाशी."

"बसून काय होणार, आक्का?" दादासाहेबांनी पुसिले.

"तुम्ही उभं राहून काय झालं ते बघितलं."

मग दुसरे दिवशी पहाटे आक्कासाहेब एक लाकडी स्टूल, एक शाल आणि विणकामाच्या दोन सुया इतुक्या सरंजामानिशी रिंगणात दाखल जाहल्या आणि घोडीपासोन चाळीस पावलांवर, तिजकडे पाठ करोन, खांद्यावरोन तिरकी नजर ठेवोन, मोर्चा लाविला. मोहिमेचा कायदा ऐसा की, घोडीने मान ताठ केली की आपण दोन पावले हटावे, आणि तिने मान सोडोन ओठ चघळले की तत्काळ उठोन रिंगणाबाहेर जावे, म्हणजे शांत राहिल्याने माणूस टळते, इतुके तीस कळावे. जगातील फौजा मुलूख मारोन पुढे जातात. ही एकली फौज मुलूख सोडोन पुढे जात होती, आणि हे कुंपणावर कोपरे टेकिलेल्या मेहुण्यांचे ध्यानी येण्याजोगे नव्हते.

"आक्का, तुम्ही घोडीला शिकवताय की घोडी तुम्हाला?"

"ज्याला येतं तो शिकवतो. मला अजून येत नाही."

ऐसे करिता अकरावे दिवशी घोडी आपण होवोन आली आणि आक्कासाहेबांचे मानेवर ऊन श्वास सोडोन उभी राहिली. सुई हातातच थांबली, टाका सुटला.

येथे आक्कासाहेबांची मती फिरली. दिवस मोजिले, दहा उरले, आणि छत्तीस वर्षांचे गणित आड आले. तेराव्या दिवशी मोहरकी, म्हणजे तोंडावर चढवावयाची दोरीची चौकट, शालीखाली दडवोन नेली. घोडीने शाल हुंगिली, दोर ओळखिला, आणि एका झेपेत पुन्हा चाळीस पावले. तेरा दिवसांचा मुलूख एका शालीपायी गेला.

चौदावे दिवशी आक्कासाहेब आल्या त्या मोहरकी उघड आपलेच गळ्यात घालोन, आणि स्टुलावर बसोन मोठ्याने बोलिल्या, "चुकलं गं माझं. लपवून आणायला नको होतं." खिडकीतोन दादासाहेबांनी हे ऐकिले आणि घराण्याची अब्रू गेली ऐसे म्हणोन खिडकी लाविली. माणसाने जनावराची माफी मागितल्याचा दाखला दप्तरी नाही. जनावरांनी माणसांस माफ केल्याचे दाखले रोजचे, सबब कोणी लिहोन ठेवीत नाही. एकुणिसावे दिवशी घोडीने त्या गळ्यातील मोहरकीत आपले नाक घातले.

एकविसावा दिवस उजाडला. फाटकाशी ट्रक, इंजिन चालू, दादासाहेब घड्याळासह, नालबंद कानशीसह. पहिला खूर दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. चौथा, मागील उजवा, त्यास हात लागताच घोडी थरथरो लागली आणि पाय जमिनीत रोविला.

नालबंद बोलिले, "आक्का, हा नाही देत ती."

मेहुणे दोर घेवोन धाविले. आक्कासाहेबांनी, "तो परत ठेवून या," इतुकेच म्हणोन, मग घोडीचे तोंडावरील मोहरकीही काढोन भुईवर टाकिली, दोन पावले हटल्या आणि पाठ केली. म्हणजे हाती होते तेही सोडिले. ट्रकवाल्याने, काय समजोन कोण जाणे, इंजिन बंद केले.  मग घोडी तीन पावले चालोन आली, हनुवटी आक्कासाहेबांचे खांद्यावर ठेविली, आणि मागील उजव्या पायावरचा भार काढोन घेतला. नालबंदाने गुडघे टेकोन तो खूर उचलिला. कानशीचा आवाज तेवढा होत होता.

येणेप्रमाणे चारी खूर सर जाहले, ट्रक रिकामा परतला, आक्कासाहेबांचे गुडघे कायमचे जायबंदी जाहले, आणि स्वेटर एका सुटल्या टाक्यासह पुरा जाहला. आठ दिवसांनी दादासाहेबांचे हुकुमावरोन फलक लागला, तो ऐसा: 'तिखट घोडीचे प्रशिक्षण मेहुण्यांच्या देखरेखीखाली यशस्वी.' आक्कासाहेबांनी तो वाचिला, त्यातील ऱ्हस्वदीर्घ तपासिले, आणि स्टूल उचलोन रिंगणात गेल्या.

घोडीस वाचता येत नाही. सबब तिने मेहुण्यांस अद्याप हात लावू दिला नाही. मोहिमेचा खरा मजकूर तिचेपाशी आहे. शंका राहिल्यास रिंगणात जावोन पुसावे. दोर नेऊ नये.