शेखररावांचं ‘सोड’

“शोकेसचा वरचा कप्पा रिकामा कर! रविवारी कप घरात येतोय!”

शेखरराव बोरस्त्यांनी सोमवारी सकाळी हे फर्मान सोडलं तेव्हा अंजलीवहिनी पोहे परतत होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पंचवटीतल्या आमच्या कॉलनीत लाल मातीचं टेनिस कोर्ट झालं, त्याला चार वर्षं झाली. चारही वर्षं शेखरराव आणि त्यांची लेक हर्षाली जोडीनं स्पर्धेत उतरतात आणि पहिल्याच फेरीत घरी येतात. कप कसला, ओट्यावर ठेवलेला कपातला चहासुद्धा गार झालेला नसतो!

पण या वेळची गोष्ट वेगळी होती. हर्षालीला बंगळूरला नोकरी लागली होती. रविवारी स्पर्धा आणि सोमवारी दुपारी तिची बस. लेक जायच्या आधी तिच्या जोडीनं एक मॅच जिंकायची, एकच, एवढंच शेखररावांच्या मनात होतं. कपाचं आपलं बोलायची पद्धत म्हणून!

हर्षालीनं त्याच संध्याकाळी त्यांना कोर्टवर उभं केलं.

“पप्पा, तुमचे रोग दोन. एक, तुम्ही रॅकेट स्कूटरचा कान पिळल्यासारखी धरता. मूठ सैल ठेवा. आणि दुसरा, गेलेला पॉइंट तुमच्या डोक्यातून जात नाही. पुढचे चार पॉइंट तुम्ही मागच्याशी भांडत खेळता!”

शेखररावांनी मूठ सैल करून पाहिली. दुसरा रोग तर खराच. गेल्या दिवाळीतला डबल फॉल्ट त्यांना अजून तारीख-वारानिशी पाठ होता.

“मग करू काय?”

“चूक झाली की एकच शब्द म्हणायचा. ‘सोड!’ श्वास सोडायचा, मूठ सोडायची, तो पॉइंटही सोडायचा. आणि पुढच्या बॉलकडे बघायचं.”

शब्द त्यांना एकदम पटला. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्याला पाणी सोडायचे आदेश टाइप करण्यात गेलेली. सोडणं हा तर त्यांचा धंदाच!

झालं! मंगळवारी दूध उतू गेलं. “सोड!” बुधवारी इस्त्रीनं नवा शर्ट जाळला. “सोड!” वहिनींना भरून आलं. “हा शब्द तुम्हाला लग्नाच्या वर्षी का नाही हो सापडला?” असं त्या खरोखरच म्हणाल्या. गुरुवारी भाजीबाजाराच्या बोळात एका रिक्षानं त्यांच्या स्कूटरचा आरसा उडवला. शेखररावांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, “सोड!” बाह्या सारून भांडायला उतरलेला रिक्षावाला दोन पावलं मागे सरकला.

“काका, मी कुठं धरलंय तुम्हाला?”

रविवार उजाडला. समोर नवनाथराव जाधव आणि त्यांचा रोहित. नवनाथराव आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी. कोर्टावर धूळ उडू नये म्हणून त्यांनी चांदवडच्या शेतातून कांद्याचे जुने तुषार, म्हणजे पाण्याचे फवारे, आणून चारी कोपऱ्यांत बसवलेले. त्यांचा कॉक पंपाच्या खोलीमागे. तिथं वॉचमन झुंबर बसलेला.

“झुंबर, मॅच संपली की मी आवाज देतो. मग पाणी सोड.”

“जोरात द्या बरं का सायेब! मला कमी आयकू येतं.”

मॅच सुरू झाली आणि काय सांगू! शेखरराव ओळखू येईनात. बॉल नेटमध्ये गेला की पुटपुटायचे, “सोड.” पुढचा बॉल असा सणसणीत की रोहित बघतच राहायचा. तीन-एक! बाकावर बसलेल्या वहिनी उभ्या राहिल्या.

आणि मग घोटाळा झाला. शेखररावांचा एक बॉल मिळमिळीत पडला. स्वतःवर चिडून ते म्हणाले, “सोड!” तोवर नवनाथरावांनी तो हर्षालीकडे परतवला होता. डबल्समध्ये जोडीदार ‘सोड’ म्हणाला की बॉल बाहेर जातोय, हात लावू नकोस, असा अर्थ. हर्षालीनं रॅकेट बाजूला घेतली. बॉल रेषेच्या चांगला हातभर आत पडला!

“पप्पा! सोड का म्हणालात?”

“अगं, मी मला म्हणालो!”

“मग मला काय म्हणणार?”

“तुलापण सोडच म्हणणार! दुसरं काय म्हणू?”

हर्षालीनं ठरवलं, आता पप्पांच्या ‘सोड’कडे लक्षच द्यायचं नाही. पुढच्याच गेममध्ये बॉल खरोखर बाहेर चालला होता. शेखरराव जीव तोडून म्हणाले, “सोड, सोड!” तिनं धावत जाऊन तो मारला आणि थेट नेटमध्ये! तिकडे नवनाथराव पोट धरून हसत होते.

तरी बापलेकीनं नेटानं खेळ सावरला. पाच-चार. चाळीस-तीस. एक पॉइंट की मॅच खिशात!

रोहितनं बॉल उंच उडवला. तो शेखररावांच्या डोक्यावरच उतरत होता. असला बॉल ते झोपेतही मारतील. मूठ सैल होती, नजर बॉलवर होती, सगळं शिकवल्यासारखं चाललं होतं. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या मनात आलं, हा मारला की मॅच संपली. मॅच संपली की आजचा दिवस संपला. आणि उद्या दुपारी बस.

मूठ आवळली गेली. बॉल रॅकेटच्या कडेला लागून बाहेर गेला. चाळीस-चाळीस. शेखररावांच्या बेंबीच्या देठापासून शब्द निघाला, “सोऽऽऽड!”

“सोडलं सायेब!” पंपामागून झुंबर ओरडला.

चारी कोपऱ्यांतून तुषार सुटले! नवनाथराव “बंद कर, बंद कर!” म्हणत धावले आणि चिखलात बसले. रोहित त्यांना उठवायला गेला, तोही बसला. झुंबरला वाटलं साहेब शाबासकी देतायत. त्यानं कॉक आणखी पिळला.

पाणी थांबलं तेव्हा कोर्टावर भाताची लावणी करता आली असती.

“तुमीच म्हनले ना सोड!” झुंबर काकुळतीला आला. “लय जोरात म्हनले!”

“उरलेली मॅच पुढच्या रविवारी,” नवनाथराव पँट झटकत म्हणाले.

“पुढच्या रविवारी ही कुठं असणार?” शेखररावांचा आवाज एवढासा झाला.

हर्षाली हसून हसून खाली बसली होती. ती उठली, त्यांचा चष्मा काढून घेतला आणि काचेवरचा चिखल पुसला.

“तो बॉल तुमच्या हातचा होता, पप्पा. काय झालं?”

“काही नाही. मूठ घट्ट झाली.”

तिनं चष्मा परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला. मग नवनाथरावांकडे वळून म्हणाली, “काका, लिहून ठेवा. पाच-चार, चाळीस-चाळीस. मी दिवाळीला येतेय. तिथूनच पुढे खेळू!”

सोमवारी दुपारी तिघं द्वारका चौकात पोचले. ट्रॅव्हल्सची बस उभीच होती. हर्षालीनं आईला मिठी मारली, पप्पांना मारली. “नीट राहा. जेवण टाळू नकोस. पोचलीस की फोन कर.” शेखररावांनी सगळ्या सूचना तीनतीनदा दिल्या.

“पप्पा, आता सोडा.”

“सोडायलाच तर आलोय ना तुला!”

क्लीनर ओरडला, ती घाईनं चढली, खिडकीतून हात हलला आणि बस गेली. शेखरराव बघत राहिले. ‘सोड’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. आठवडाभर ऊठसूट म्हटलेला शब्द, पण आज घशाबाहेर येईना!

“अहो,” डोळे पुसता पुसता वहिनी म्हणाल्या, “तुमच्या हातात काय आहे?”

शेखररावांनी खाली पाहिलं. हर्षालीची बॅग! स्कूटरचा कान पिळावा तशी मुठीत आवळलेली!

समोरून रिकामी रिक्षा आली. शेखरराव तिला आडवे गेले. रिक्षावाल्यानं त्यांना बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

“काका, आरशाचं विसरा ना आता...”

“आरसा मरू दे! ती बस सिन्नर फाट्याला थांबते. धर! धर ती बस!”

वहिनी सांगतात, इतक्या आनंदात त्यांनी नवऱ्याला वरातीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

सिन्नर फाट्याला बस सापडली. हर्षाली खाली उतरली, बॅग घेतली आणि पप्पांना पुन्हा मिठी मारली. या वेळी मूठ अगदी सैल ठेवली होती, असं शेखरराव आम्हाला छातीठोकपणे सांगतात.

रिक्षावाला म्हणतो, बस दहा मिनिटं उभी होती.