ओरडल्याशिवाय पाय सुटत नाही

दुसरा माणूस कळवळला की ज्याला समाधान वाटतं, असा एकच सज्जन माझ्या माहितीत आहे. मोशीला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे सोपानतात्या. मुरगळलेला घोटा, गोळा आलेली पोटरी, ठणकणारी टाच, काहीही घेऊन जा. ओवा-लसूण घालून कढवलेल्या तिळाच्या तेलाची वाटी घेऊन तात्या पार्किंगमध्येच चोळायला बसतात. आणि तुम्ही ओरडल्याशिवाय पाय सोडत नाहीत.

"ओरडा की राव! लाजताय कुनाला?"

"आई गं" निघालं की तात्या खूश. "हां! जिता हाय पाय!" म्हणून स्वतःच्याच मांडीवर थाप मारतात. चौथ्या मजल्यावरच्या मॅडम एकदा अशा किंचाळल्या, की वॉचमन काठी घेऊन धावत आला. तात्या महिनाभर त्यांचं कौतुक करत होते.

तात्या मूळचे मोशीचेच. हात गावच्या तालमीत तयार झाला आणि पुढचं आयुष्य कंपनीत प्रेस मशीनपुढे उभं राहण्यात गेलं. त्यामुळे पायांचं दुखणं त्यांना दोन्हीकडून ठाऊक. नियम मात्र कडक. "आधी फोटू काढून आना. हाडाचं काम डाक्टरचं, मासाचं माझं. सूज हाय तंवर मी हात लावनार न्हाई."

मी चाकणला असेंब्ली लाइनवर असतो. असतो म्हणजे उभा असतो. घरी येतो तेव्हा पाय माझे आहेत की कंपनीचे, हेच कळत नाही. त्यात मध्यंतरी बसमधून उतरताना उजवा पाय खड्ड्यात गेला आणि घोटा मुरगळला. फोटो काढला, हाड शाबूत निघालं. आठवडाभर घरी बसून सूजही उतरली, पण घोटा काही वळेना. सोमवारी तर ड्यूटीवर उभं राहायचं होतं. गेलो तात्यांकडे.

जाताना ठरवूनच गेलो, ओरडायचं नाही. का, तर उगाच. सुपरवायझरपुढे इतकी वर्षं गप्प बसलोय, की गप्प बसण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

तात्यांनी घोट्याखाली अंगठा रोवला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी छताच्या पाइपकडे बघत राहिलो.

"लागलं?"

"नाही."

अंगठा आणखी आत गेला. "आता?"

"अंहं."

तात्यांचा हात थांबला. चेहरा पार उतरला.

"डोळं मिटा."

"कशाला?"

"मिटा म्हनतो ना! सांगा, कुठलं बोट धरलंय?"

म्हटलं, म्हातारा चळला. "करंगळी."

"आन आता?"

"अंगठा. अहो तात्या, काय चाललंय?"

"शुगर हाय का तुमाला? खरं सांगा." त्यांचा आवाज कापत होता. मीच घाबरलो.

"नाही हो! लागतंय, तात्या. जीव जातोय. मुद्दाम गप्प बसलो होतो."

तात्यांनी माझा पाय खाली ठेवला. "असली थट्टा पुन्हा करू नका," म्हणाले आणि उठून घरात गेले. तेलाची वाटी तिथेच राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटी घेऊन लंगडत त्यांच्या दारात गेलो.

आत पलंगावर तात्यांच्या पत्नी हौसाकाकू बसल्या होत्या आणि त्यांची पावलं तात्यांच्या मांडीवर होती. काकूंना शुगर आहे, त्या बाहेर पडत नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पावलं पार बधिर झालीत हे मला त्या दिवशी कळलं.

"गेल्या साली टाचंत खिळा घुसला," वाटी घेत, माझ्याकडे न बघता तात्या म्हणाले. "हिला पत्ताच न्हाई. फरशीवरचं रगत मी बघितलं. डाक्टर म्हनतो, चोळून काय फरक पडायचा न्हाई. त्याला काय कळतंय?"

आम्हाला फोटोशिवाय हात न लावणारा माणूस हे बोलत होता. आमचे घोटे कुटणारा तो अंगठा काकूंच्या तळव्यावरून भाकरीला लोणी लावावं तसा फिरत होता.

"लागतंय का गं?"

काकू त्याच अंगठ्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. तो टाचेवर आला तशा ओरडल्या, "आय आय गं! हळू की वो!"

"हां! जिता हाय!" तात्यांचं तोंड उजळलं. "ऐकलं न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय की," मी म्हणालो.

"बसा की भाऊ, उभं का?" काकू माझ्याकडे वळल्या. तेवढ्यात तात्यांनी पुन्हा विचारलं, "आन आता?"

"आय गं! मेले!" काकू घाईघाईनं ओरडल्या.

तात्यांचा हात तेव्हा तेलाच्या वाटीत होता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. तात्या वाटीतल्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी ती तेलकट बोटं हळूच काकूंच्या टाचेवर ठेवली.

"हां," ते म्हणाले. "जिता हाय."

मला तिथे थांबवेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पार्किंगमध्ये पाय पुढे करून बसलो. तात्या आज ओरडा म्हणाले नाहीत. नुसता अंगठा रोवला. मी चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो.

खरंच लागलं होतं.