छकुलीच्या झोपेचा करार

माणसाकडून काम कसं करून घ्यावं, हे मला विचारा! माझा धंदाच तो. कुणाला, कशाबद्दल, केवढं बक्षीस दिलं की माणूस आपणहून राबेल, याचे करार मी संगणकाकडून बनवून घेते. समोरचा किती घाम गाळतोय ते आपल्याला दिसत नसतं. दिसतो फक्त निकाल. म्हणून बक्षीस निकालाला बांधायचं. बस्स!

त्या दुपारी ऑफिसातल्या मोठ्या बाईंना हे सगळं मला घरूनच, संगणकावरून, समजावून द्यायचं होतं. बाळंतपणानंतरचं माझं पहिलंच मोठं काम. फसलं असतं तर ते दुसऱ्याकडे गेलं असतं. आणि आमची छकुली म्हणजे दुपारी डोळा मिटला तर पाप लागेल अशा समजुतीनं जगणारी!

मग काय, घरच्यांशीच करार केला. पाळण्यावर कॅमेरा लावला. छकुलीला जो झोपवेल, त्याच्या नावावर संगणक एक तारा टाकणार. ज्याचे तारे जास्त, त्यानं रविवारी वाटेल तेवढं लोळावं. कुणी हाक मारायची नाही. तान्ह्या बाळाच्या घरात याहून मोठं बक्षीस कुबेराकडेही नसेल!

"मी एकटा पुरे आहे," नवरा बाह्या सरसावत म्हणाला.

"तुला कोण झोपवायचं रे?" सासूबाईंनी पदर खोचला. "हो बाजूला!"

बाई पडद्यावर आल्या. आतल्या खोलीत अंगाई सुरू झाली, मग शांतता. तारा! माझी छाती फुगली.

"ज्याचं बक्षीस असतं, माणसं अगदी तेच करतात," मी ऐटीत म्हणाले, आणि आतून टाहो! मग अंगाई. मग शांतता. मग पुन्हा टाहो. छकुली दिव्याच्या बटणासारखी चालू-बंद होत होती!

"आई, आता माझी पाळी!"

"अरे जा! मी आत्ताच झोपवली होती."

"मग उठली कशी?"

"तुझं तोंड बघून!"

"घरी सगळं ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो हो, अगदी!" म्हणत मी गडबडीनं पाळण्याचा कॅमेरा उघडला. तो बाईंच्याही पडद्यावर उघडला!

छकुली गाढ झोपलेली. डावीकडून नवऱ्याचा हात आला आणि तिच्या तळपायाला गुदगुल्या करून गेला. तिनं भोकाड पसरलं. मग त्यानंच तिला उचललं, थोपटलं, झोपवलं. तारा! तो घोटभर पाणी प्यायला वळतो न वळतो तोच उजवीकडून सासूबाईंचा हात आला. हातात खुळखुळा!

आता ट्यूब पेटली. बक्षीस मी झोपवण्याला ठेवलं होतं. झोपू देण्याला नव्हतंच!

संपलं सगळं, म्हटलं. गेलं काम. बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले. बघते तर त्या हसून हसून रडत होत्या!

"अहो, इतका मनापासून पाळलेला करार मी आजवर पाहिला नाही! गिऱ्हाइकांना आधी हेच दाखवू या, करार कसा करू नये ते. आणि सांगायचं तुम्हीच हं!"

काम वाचलं. मी करार सुधारला: छकुली जितका वेळ झोपेल, तितके तारे दोघांना मिळून. तेव्हापासून घरात मुंगीसुद्धा चवड्यांवर चालते. मी शिंकले तर दोघं मिळून माझं नाक दाबायला धावतात!

रविवार उजाडला. बक्षिसाचे मानकरी दोघंही! या खोलीत नवरा घोरतोय, त्या खोलीत सासूबाई. करारात मी स्वतःला घालायलाच विसरले होते. छकुली माझ्या पोटावर बसून माझे केस ओढत होती.

"झोपतेस का गं, सोन्या?" मी विचारलं. ती बोळकं पसरून खदखदून हसली. खिडकीतून ऊन आत आलं, चहा पार गार झाला, आणि मला जागचं हलावंसंच वाटेना.

खरं सांगू? हे काम मी फुकटातसुद्धा करते. पण त्या दोघांच्या कानावर घालू नका हं, नाहीतर दर रविवारी माझीच पाळी लागायची!