बर्फावर भुसा

देशाला बर्फावरच्या हॉकीत बऱ्याच वर्षांनी पुन्हा उतरायचं होतं, आणि देशाचा होऊ घातलेला गोलकीपर सारसोळ्याच्या बर्फ कारखान्यात बिलं फाडत बसला होता.

नंदकिशोर साळगावकर तरुणपणी सिमल्याला एका कचेरीत चिकटला होता. तिथे संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून तो पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फावर घसरायला शिकला. सगळ्यांत कमी वेळा पडतो म्हणून त्याला गोलात उभं केलं गेलं. पुढे कचेरी सुटली, वाशीचा फ्लॅट आणि ही कारकुनी नशिबी आली. बूट तेवढे माळ्यावर राहिले.

निवड समितीचे अभ्यंकरसाहेब स्वतः कधी बर्फावर उभे राहिले नव्हते. उसाच्या रसात दिसतो तेवढाच बर्फ त्यांना ठाऊक. समितीवर यायला तेवढी ओळख पुरते.

"प्रत्यक्ष करून दाखवा," नंदकिशोरचा अर्ज पाहून ते फोनवर म्हणाले. "शनिवारी येतो."

"साहेब, मार्च चाललाय. सिमल्यातला बर्फसुद्धा वितळला."

"तो तुमचा प्रश्न. देशाचा प्रश्न आम्ही बघतोय."

नंदकिशोर मालकांकडे, श्यामसुंदरशेठकडे गेला. "शेठ, शीतगृहाची खोली द्या. लाद्या अंथरतो, वरून पाणी सोडतो. गोठलं की झालं मैदान."

"पेपरात नाव येईल?"

"तुमचंच येईल."

"मग घे. पण आपला नियम लक्षात ठेव. गारवा गेला की बर्फ उघडा ठेवायचा नाय. भुसा टाकायचा."

वैजयंतीने जुनी गोधडी फाडून नवऱ्याच्या पायांना पॅड शिवले. "परदेशात जाऊन पडू नका," ती म्हणाली. "काय पडायचं ते इथे पडून घ्या. इथे कोण बघतंय?"

शुक्रवारी संध्याकाळी बर्फ आरशासारखा झाला. नंदकिशोरने एकट्याने दोन फेऱ्या मारल्या. वर्षानुवर्षं जो माणूस शेठच्या टेबलासमोर वाकून उभा राहत होता, तो त्या बर्फावर ताठ उभा राहिला. एकदा, फक्त एकदा देशाच्या गोलात उभं राहायचं. मग आयुष्यभर बिलं फाडायला त्याची ना नव्हती.

शनिवारी सकाळी वीज गेली. लाद्या ओढणाऱ्या गोटीरामने शीतगृहात डोकावून पाहिलं. एवढा बर्फ आणि उघडा! त्याने इमानदारीत पोतीच्या पोती भुसा पसरला. मग वीज आली, आणि वितळलेलं पाणी भुशासकट घट्ट गोठलं.

नंदकिशोर येऊन बघतो तर मैदान रव्यात घोळलेल्या माशासारखं दिसत होतं.

"गोट्या, हे काय केलंस?"

"वाचिवला ना बर्फ!" गोटीराम म्हणाला. शाबासकीसाठी तो तिथेच थांबला.

नंदकिशोर खुरप्याने भुसा खरवडायला बसला, तेवढ्यात बायजाबाई पाट्या घेऊन आली. रोजचा बर्फ तिच्या माशांसाठी राखलेला असायचा.

"माजा बरफ कुटं हाय?"

"बायजाबाई, आज सगळा खाली अंथरलाय. देशासाठी."

"देश मासली खातो का नाय? कोलंबी सडली म्हंजे देश देनार का पैसं?" तिने वाद वाढवला नाही. पाट्या उचलल्या आणि कोळंबी नि बोईट थेट मैदानावर ओतले.

नेमके त्याच वेळी अभ्यंकरसाहेब दारात उभे राहिले.

मागे फिरणं शक्य नव्हतं. नंदकिशोरने बूट चढवले, पॅड बांधले, काठी धरली आणि झोकात निघाला. अर्ध्यावर पातं भुशात रुतलं. बूट तिथेच थांबले, नंदकिशोर थांबला नाही. तो पोटावर घसरत थेट कोळंबीत शिरला.

"ए मुडद्या! डोकी मोडलीस ना कोलंबीची!" बायजाबाई ओरडली. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं आणि आवाज एकदम मऊ झाला. "सायेब, घ्या ना. आत्ता जाल्यातून काडलीय."

अभ्यंकरसाहेबांनी नंदकिशोरकडे पाहिलं. मग कोळंबीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

शेठ काय ते समजला. तासाभरात त्याच्या ऑफिसात कोळंबी तळून आली. साहेबांनी दोनदा मागून घेतली आणि बोटं पुसत बजावलं, "आमच्या घरी बोलू नका हं." निघताना निवडही जाहीर केली. "श्यामसुंदरशेठ, तुम्ही मॅनेजर. बर्फाचा एवढा अनुभव समितीतसुद्धा कुणाला नाही."

"आणि मी?" नंदकिशोरच्या केसात अजून एक कोळंबी होती.

"संघात जागा कुठे उरली? पदाधिकारीच कसेबसे मावतायत. आणि शेठ नसताना इथला बर्फ कोण बघणार?"

नंदकिशोरने बर्फ बघितला.

तीन आठवड्यांनी शेठ परदेशातून लोकरी टोपी घालून परतला. एप्रिलच्या उन्हात घाम गळत होता, पण टोपी काढायला तयार नव्हता.

"काय सांगू नंद्या! एवढं मोठं मैदान, आणि त्या लोकांना भुसा माहीतच नाय. त्यात पैल्या मॅचच्या सकाळी त्यांचं मशीन बिघडलं. बाजूला सुताराचं काम चालू होतं. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. सगळ्या मैदानावर पसरवून टाकला."

"मग?"

"मशीन चालू झालं, भुसा गोठला. सगळ्या मॅची रद्द! एवढ्या वर्षांनी आपण परत उतरलो आणि एक गोल खाल्ला नाय. अभ्यंकर एकदम खूश. पुढच्या वर्षी पण मीच मॅनेजर. बोल, या वेळी तुझ्यासाठी शब्द टाकू?"

नंदकिशोरने बिल फाडून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.

"कशाला शेठ? गोटीरामला न्या. तो भुसा एकसारखा पसरतो."